हनुवटीखालचं ऊन

मासोळीच्या कामात रंग होते, चेहरे नव्हते. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात, पॅकिंग विभागाच्या मागे असलेल्या प्रयोगशाळेत ती ब्रॉन्झरच्या छटा जुळवायची. उन्हात वावरलेल्या चेहऱ्यावर जो तांबूस-तपकिरी रंग चढतो तो डबीत उतरवायचा आणि आजचा माल कालच्या मालाशी जुळतो की नाही ते बघायचं, एवढंच तिचं काम. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे लागली तेव्हापासून काचेच्या पट्ट्या, पांढरी कार्डं आणि दिव्यांची पेटी यांच्याशी तिचं सख्य जमलं होतं. त्या पेटीचं एक बटण दाबलं की दुपारचा उजेड पडायचा, दुसरं दाबलं की दुकानातला, तिसरं दाबलं की घरातल्या पिवळ्या दिव्याचा. एका उजेडात जुळ्या बहिणींसारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत, याची तिला अजूनही दर वेळी गंमत वाटायची. माणसाच्या गालाला मात्र तिने आजवर काही लावलं नव्हतं. स्वतःच्याही नाही.

"जगाला रंग वाटतेस आणि स्वतः धुऊन वाळत टाकलेल्या फडक्यासारखी हिंडतेस," आत्या म्हणायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मासोळी शाळेत असताना तिची आई गेली. तेव्हा आत्या शिलाई मशीन घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली ती कायमचीच. गल्लीच्या तोंडाशी तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. जीभ कात्रीपेक्षा धारदार. गेल्या वर्षी बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तिने स्वतःचं एक काढून दिलं, तेही शेजारणीला टाचण्यांची डबी द्यावी इतक्या सहजपणे. कोणी त्याबद्दल हळवं होऊन बोलायला लागलं की ती म्हणायची, "दोन होती. एक नुसतंच बसून खात होतं."

बाबा जलतरण तलावावर पोहायला शिकवायचे. अर्ध्या शहराने त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं असेल. स्वतःच्या मुलीला नीट चालता येण्याआधीच त्यांनी पाण्यात सोडलं आणि ती बुडायच्या ऐवजी हातपाय मारत हसायला लागली, म्हणून ती मासोळी. आता तिला प्रयोगशाळेत सगळे मॅडम म्हणत, पण घरी आणि तलावावर ती मासोळीच राहिली होती.

शस्त्रक्रियेनंतर बाबांची तब्येत झपाट्याने सुधारली. त्यांचे रिपोर्ट वाचताना डॉक्टरीणबाई शिक्षिकेसारख्या मान डोलवायच्या. तलावावर जायला हरकत नाही, त्या म्हणाल्या. सकाळची वेळ, डोक्यावर छप्पर, आणि पाण्यात न उतरता काठावरून शिकवायचं. फक्त उन्हाशी मैत्री तोडायची. शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्या चालू असताना ऊन कातडीला धोक्याचं असतं.

"ज्या माणसाने जन्म उन्हात काढला त्याला सांगतायत ऊन बंद," आत्या दवाखान्यातून बाहेर पडताना म्हणाली, आणि लगेच छत्री उघडून भावाच्या डोक्यावर धरली.

त्यामुळे आत सगळं जागेवर आलं तरी चेहरा मागेच राहिला. महिनोन् महिने घरात काढलेला, आजाराने पिवळट राखाडी पडलेला चेहरा. घरच्यांना त्याची सवय झाली होती. बाहेरच्यांना नव्हती.

गेल्या आठवड्यात बाबा सहज तलावावर गेले. जुन्या लोकांनी धावत जाऊन खुर्ची आणली, कोणी पाणी आणलं, कोणी पंखा त्यांच्याकडे वळवला. एक बाई आपल्या मुलाला घेऊन त्यांना भेटायला पुढे येत होती. त्यांचा चेहरा दिसताच ती थबकली आणि तिने मुलाचा हात नकळत मागे ओढला. बाबांनी ते बघितलं. नंतर तलावाचे व्यवस्थापक त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, सोमवारी नवशिक्यांची बॅच सुरू होतेय. पहिला तास तुम्ही घ्या. पालक बाकावर बसलेले असतील. त्यांना भरवसा वाटला तर बॅच तुमची. कुजबुज झाली तर माझाही नाइलाज आहे. शेवटी लोक पोटची पोरं पाण्यात सोडतात."

बाबांना त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, आणि हेच त्यांना जास्त लागलं.

"मी नाही म्हणून कळवून टाकतो," ते घरी येऊन म्हणाले.

"का? मी दिलेलं नीट चालत नाही का?" आत्याने विचारलं.

"ते उत्तम चाललंय, ताई."

"मग पाय चालत नाहीत?"

"पायही चालतात. तोंडाचं काय करू? मला बघून आया पोरं मागे ओढतात."

आत्याने मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला आणि तो ओवला जाईना.

मासोळी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं सरळ होतं की आधी का सुचलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. "बाबा," ती म्हणाली, "प्रश्न रंगाचाच असेल तर तो आमच्याकडे मिळतो."

"मी काय नाटकात उभा राहतोय?"

"नाटकातला मेकअप लांबून दिसावा म्हणून करतात. हा जवळूनसुद्धा दिसू नये म्हणून करायचा."

"असतं काय त्यात?" आत्याने विचारलं.

"मुख्य म्हणजे लोखंडाची ऑक्साइडं. पिवळं, तांबडं, काळं. बाकी मेण, तेल—"

"लोखंडाचं ते काय म्हणतेस ते, म्हणजे गंज."

मासोळी जरा घुटमळली. "हो. म्हणजे गंजच. पण शुद्ध केलेला."

"माझ्या भावाच्या तोंडाला गंज फासणार. आधी सांगितलं असतंस तर दुकानाच्या शटरवरचा खरवडून दिला असता."

बाबा हसले. तलावावरून आल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि त्या हसण्यावर मासोळीने त्यांचा होकार गृहीत धरला.

डॉक्टरीणबाईंना तिने आधी विचारून घेतलं. त्यांनी फोनवर दोन अटी घातल्या: डबी आणि ब्रश कोरे हवेत, दुसऱ्या कोणी बोट लावलेले नकोत, आणि आधी सनस्क्रीन, मग काय हवं ते. मासोळीने प्रयोगशाळेतून सीलबंद डब्या मागून आणल्या. थोडंसं बाबांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघितली. खाज नाही, पुरळ नाही.

मग निवड. चमकीवाली छटा तिने पहिल्याच फटक्यात बाजूला ठेवली. चमक म्हणजे अभ्रकाची बारीक पूड; तरुण गालावर ती शोभते, पण सुरकुत्यांत बसली की लुकलुकते. पावडरही नको, कारण गोळ्यांमुळे बाबांची कातडी पातळ आणि कोरडी झाली होती आणि कोरड्या जागेवर पावडर खपल्यांसारखी धरते. क्रीम घ्यायचं ठरलं. बाबांना तिने न्हाणीघरातल्या आरशासमोरून उठवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं.

"तिथे काय वाईट होतं?" त्यांनी विचारलं.

"तिथला दिवा पिवळा आहे. त्यात सगळे छान दिसतात. खरं काय ते खिडकीत कळतं."

जबड्याच्या कडेला तिने शेजारी शेजारी तीन रेघा ओढल्या. एकीत तांबडं जास्त, एकीत पिवळं जास्त, एक मधली. तिन्ही बाबांच्या रंगापेक्षा थोड्याच गडद. आत्या डोकावून गेली. "वाघ दिसतोय. म्हातारा, पण वाघ."

मासोळीचं लक्ष नव्हतं. ती डोळे बारीक करून बघत होती. तांबडी रेघ भाजल्यासारखी दिसत होती. पिवळी रेघ बाबांच्या मूळच्या पिवळटपणात मिसळून त्यांना आणखी आजारी करत होती. मधली मात्र बोटाने कडा पुसताच कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळेना. जी शोधावी लागते ती आपली, असं तिने मनाशी म्हटलं. दुपारच्या उजेडात, दिव्याच्या उजेडात आणि अंगणाच्या दारात उभं करून तिने पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. बाबा निमूट उभे राहत होते. पाण्यात पहिल्यांदा तरंगायला शिकणाऱ्या मुलांना ते जसं अंग सैल सोडायला सांगायचे, तसं त्यांनी स्वतःचं अंग सैल सोडलं होतं.

शनिवारी दुपारी तिने पूर्ण चेहरा केला. पद्धत तिला पाठ होती. कारखान्याच्या माहितीपत्रकात ती चित्रासकट छापलेली असायची: जिथे जिथे वरून ऊन पडतं तिथे रंग. कपाळाचा वरचा भाग, गालांची हाडं, नाकाचा दांडा, जबड्याची कड. थोडं घ्यायचं, हाताच्या पाठीवर टेकवून कमी करायचं, मग चेहऱ्यावर. पुरेसं वाटलं नाही तरच दुसरा हात. घासायचं नाही, थोपटत पसरवायचं. तिने सगळं अगदी नियमाने केलं. मागे सरून बघितलं तेव्हा तिला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. चेहरा टवटवीत दिसत होता, आणि कुठे काही लावल्याचा मागमूस नव्हता.

बाबांनी आरसा हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले.

पाहुण्यांकडचं बेचव जेवण जेवल्यावर ते असंच 'छान आहे' म्हणत. मासोळीने आत्याकडे बघितलं.

आत्याने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. "रंग बरोबर आहे गं. माणूस चुकलाय."

"म्हणजे?"

"मला काय ठाऊक. देखणा आहे. कोणातरी पैसेवाल्याचा भाऊ वाटतो, सुट्टीवरून आलेला. माझा नाही वाटत."

"पण चुकलंय कुठे?"

"ते तू सांग. कापड जुळतंय, अंगावर बसत नाहीये. एवढंच मला दिसतं."

बाबा उठले, बेसिनशी गेले आणि चेहरा धुऊन आले. टॉवेलने तोंड टिपत ते शांतपणे म्हणाले, "तू मेहनत घेतलीस, बाळा. पण तलावावर मला वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं आहेत. त्यांना दिसलं की सर रंग लावून आलेत, तर ते खुर्ची आणण्यापेक्षा वाईट. उद्या संध्याकाळी फोन करून सांगतो त्यांना."

मासोळीने वाद घातला नाही. दुसऱ्याला धीर देताना ते 'बाळा' म्हणत, आणि आत्ता धीराची गरज कोणाला होती ते तिला दिसत होतं. तिने ब्रश साबणाने धुऊन खिडकीत वाळत ठेवला. पण डोक्यातला प्रश्न काही वाळेना. छटा मोजून बघितली होती. हात हलका होता. उजेड बरोबर होता. मग काय उरलं? तिने जुने फोटो काढले. त्यांत बाबा कुठेतरी लांब, टोपीखाली, दहा मुलांच्या मागे. फोटोंतून एवढंच कळलं की ते फोटो काढून घ्यायला टाळाटाळ करत.

रविवारी सकाळी ती तलावावर गेली. काही शोधायला नव्हे. डोकं चालेनासं झालं की ती पोहायची, इतकंच. पोहून दमली तेव्हा उथळ टोकाला येऊन तिने काठ धरला आणि श्वास घेत वर बघितलं. काठावर जीवरक्षक उभा होता, मागे हात बांधून, पाण्यावर नजर. तिने त्याला रोज बघितलं होतं. आज बाबांचा चेहरा डोक्यात घेऊन ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याच्या हनुवटीची खालची बाजू गडद होती. गळा गडद होता. नाकाच्या खालचा भाग, भुवयांच्या खालची खोबण, जिथे माहितीपत्रकातल्या चित्रात सावली दाखवलेली असते, तिथे याच्या चेहऱ्यावर रंग होता. पाण्यावरचा उजेड त्याच्या जबड्याखाली जाळीसारखा हलत होता. तेवढ्यात त्याने डोकं खाजवायला टोपी उचलली. खाली कपाळ पांढरंफटक.

मासोळी काठ सोडायला विसरली. ऊन वरून पडतं, हे रस्त्यावरच्या माणसाचं खरं. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते दोनदा भेटतं: एकदा वरून, आणि ते टोपी अडवते, एकदा पाण्यावरून उलटून खालून, आणि ते कोणीच अडवत नाही. परावर्तन ती पदवीला शिकली होती, परीक्षेत तिने आकृती काढली होती, आणि तेच सूत्र बाबांच्या गळ्यावर लिहिलेलं असताना कपाळाला रंग फासत बसली होती. शिवाय, तिला आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी बाबांचा चेहरा ती नेहमी इथूनच बघायची. पाण्यातून, खालून. तिला ठाऊक असलेला बाबांचा चेहरा म्हणजे मुळात त्यांची हनुवटी होती.

ओल्या केसांनी ती घरी आली तेव्हा बाबा फोनशेजारीच बसले होते.

"फोन केलात?"

"संध्याकाळी करणार म्हटलं ना."

"नका करू. आत्या, टोपी काढल्यावर बाबांचं कपाळ कसं दिसायचं?"

आत्याने क्षणाचाही विचार केला नाही. "अर्धवट सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. वर पांढरं, खाली टरफल."

"आणि डोळ्यांच्या कडेला?"

"तिथे रेघा होत्या त्याच्या. हसायचा थांबला की पांढऱ्या दिसायच्या." आत्या बोलता बोलता थांबली. हातातला शर्ट तिने खाली ठेवला. "अगंबाई. त्याच नाहीयेत."

बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते, जणू तिसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. मासोळीने त्यांना खिडकीत बसवलं.

या वेळी सनस्क्रीन तिने गळ्याला आणि हनुवटीखालीही नीट लावलं. जिथून रंग यायचा तिथूनच ऊनही येणार, छप्पर असो नसो. ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनाही सांगायला हवी, असं तिने ठरवलं. कपाळाला रंग नाही. टोपीची कड जिथे बसायची तिथून खाली, तोही सरळ रेघ न येता विरत जाणारा. गाल, नाक. मग कान, जे सगळेच विसरतात. मानेची मागची बाजू.

"आता डोळे बारीक करा. उन्हात बघतो तसं."

बाबांनी डोळे बारीक केले. कडेच्या सुरकुत्या मिटल्या. त्या मिटलेल्या असतानाच तिने वरून अगदी थोडा रंग टेकवला. "सोडा." सुरकुत्या उघडल्या आणि आत बारीक फिकट रेघा उरल्या, वर्षानुवर्षं पाण्यावरच्या चकाकीकडे बघत राहिलेल्या माणसाच्या.

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला.

"आता वर बघा. छताकडे."

त्यांनी हनुवटी उचलली, डोळे मिटले. मासोळी खाली वाकली. इतक्या जवळून तिने बाबांचा गळा कधी बघितला नव्हता. गळ्याखालच्या हाडाच्या वर, उजव्या बाजूला, एक छोटा पांढुरका व्रण होता. यंत्रावर रक्त शुद्ध करण्याच्या दिवसांत तिथून नळी आत गेलेली. त्याच्याच शेजारी एक नस उडत होती. एकसारखी, घाई नसलेली. मासोळीचा हात थांबला. लोखंडाचा शुद्ध केलेला गंज तिच्या ब्रशावर होता आणि कातडीच्या आत, रक्तात, लोखंडच आपलं खरं काम करत होतं. आतलं आधी जमलं म्हणून बाहेरच्याला अर्थ होता. ते जमलं नसतं तर आज ही खिडकी असती, ही खुर्ची असती, पण रिकामी. तिने व्रणावर रंग लावला नाही. त्याच्या बाजूने ब्रश फिरवला आणि मनातल्या मनात कोणाचे आभार मानायचे ते न ठरवताच आभार मानले.

"झोप लागली का तुला?" हनुवटी वर ठेवूनच बाबांनी विचारलं.

"काम बारीक आहे."

आरसा या वेळी आत्याने धरला. बाबांनी बघितलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला, नसलेली टोपी सारखी करायला.

"हं," आत्या म्हणाली. "आलास का घरी?"

बाबा म्हणाले, "आतलं ताईचं, बाहेरचं मासोळीचं. माझं काय उरलं यात?"

"नाक. ते कोणी मागितलं नाही."

"ताई," बाबा म्हणाले, आणि पुढे काही शब्द येतील असं वाटलं.

"मला शर्टाच्या बाह्या लावायच्यात," आत्या घाईने म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन मात्र बराच वेळ सुरू झाली नाही.

सोमवारी सकाळी बाबा आणि मासोळी तलावावर गेले. उथळ टोकावर कापडी छप्पर ताणलेलं होतं. पालक बाकांवर बसले होते, मुलं काठावर कुडकुडत रांगेत. मासोळी बाकाच्या टोकाला बसली आणि प्रयोगशाळेत नमुना बघावा तशी लोकांचे चेहरे बघू लागली. व्यवस्थापक पुढे आले. बाबांच्या चेहऱ्यावर त्यांची नजर पळभर टिकली.

"या सर," ते म्हणाले. एवढंच. खुर्ची मागवली नाही.

कोणी काहीच म्हटलं नाही. 'उत्तम दिसताय' नाही, 'तब्येत काय म्हणते' नाही. एका बाईने शेजारणीला घड्याळ दाखवलं, एकजण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मासोळीला वाटलं, आपल्या हातून आजवर झालेल्या कामात हे सगळ्यात चांगलं, कारण कोणाला दिसलंच नाही.

पण बॅच अजून मिळाली नव्हती. मुलं एकेक करून पाण्यात उतरली, तोंडं पाण्यात घालू लागली, फुगे काढू लागली. एक मुलगी मात्र काठाला चिकटली ती सुटेना. पाच-सहा वर्षांची असेल. बोटं पांढरी पडेपर्यंत काठ धरलेला. तिची आई बाकावरून अर्धी उठली. व्यवस्थापकही वळून बघू लागले.

बाबा घाईने गेले नाहीत. छपराखालून चालत ते तिच्यासमोर आले आणि काठावर पालथे पडले, पोटावर, हनुवटी जवळजवळ पाण्याला टेकेल असे. कापडी छपरातून झिरपलेला उजेड पाण्यावरून उलटून त्यांच्या गळ्यावर, जबड्यावर हलू लागला. त्यांचा आणि तिचा चेहरा समोरासमोर आला.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

मुलगी हुंदका गिळून म्हणाली, "तुमच्या इथे पाणी हलतंय." तिने बोट दाखवलं. बोट दाखवायला एक हात काठावरून सुटला होता.

"हो का? मला दिसत नाही. कुठपर्यंत हलतंय ते सांग."

"कानापर्यंत."

"आणि दुसऱ्या बाजूला?"

तिने दुसरा हात उचलला. तोवर बाबांचा तळवा तिच्या पोटाखाली गेला होता. ती बोट दाखवतच पाण्यावर आडवी झाली, आणि आपण तरंगतोय हे तिला सगळ्यांच्या नंतर कळलं.

तिची आई खाली बसली. मासोळीच्या जवळच. "घरी बादलीतसुद्धा तोंड घालत नाही हो ही," ती म्हणाली, कोणाला तरी सांगायचंच म्हणून. "कोण आहेत हे सर?"

"माझे बाबा."

"जन्म पाण्याकाठी काढलेला दिसतो."

"हो," मासोळी म्हणाली. बाबांच्या गळ्यावर आपला रंग कुठे संपतो आणि पाण्याचा उजेड कुठे सुरू होतो ते तिला इथून खरंच सांगता येत नव्हतं. तिने ते सांगायचा प्रयत्नही सोडून दिला. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

तास संपल्यावर व्यवस्थापक बाबांपाशी आले. "उद्या हीच वेळ, सर. ती छोटी सारखी तुम्हालाच विचारतेय." आणि ते पुढच्या कामाला निघून गेले.

बाबा मुलांना निरोप देऊन आले. शर्टाच्या पुढच्या बाजूला ओला डाग होता, मुलीने जाता जाता मारलेल्या मिठीचा. बाकावर मासोळीच्या शेजारी बसून ते बाटलीतलं पाणी घोट घोट प्यायले.

"काल मला वाटत होतं, ही हनुवटीखाली एवढा वेळ काय करत बसलीय," ते म्हणाले. "तिथे बघतं कोण."

"आणि आता?"

"मुलं तिथेच बघतात गं. मी इतकी वर्षं शिकवतोय, मला माहीत नव्हतं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तुला होतं."

"मीही विसरले होते, बाबा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थंड, पाण्यात बराच वेळ राहून सुरकुतलेला तळवा. तिने डोकं हलवलं नाही.

"ताईला सांगायला हवं," ते म्हणाले.

तिने मोबाइल काढला.

"फोनवर नको. दुकानात जाऊ. काल जे सांगायचं होतं ते तिने सांगू दिलं नाही. आज तिच्या हातातली कात्री काढून घेईन आणि सांगेन."

"ती चिडेल."

"चिडू दे. ऐकून घेतल्यावर चिडू दे."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. बाहेर ऊन आता चांगलंच वर आलं होतं. दोघं रस्ता ओलांडून सावलीच्या बाजूने चालू लागले. बाबा पुढे, पाऊल जरा झपाझप. मासोळीला त्यांना गाठायला मधूनच पळावं लागत होतं.